कपाटात नवी आवृत्ती, हातात जुनीच

संगणकावरील सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे, हा उपदेश आता शाळाशाळांतून ऐकू येतो. पण तसे करताना संगणकात नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा विचार क्वचितच होतो. त्यासाठी डेबियन या लिनक्स प्रणालीतील अद्ययावतीकरणाची पद्धत आम्ही येथे तपासून पाहणार आहोत. डेबियनच निवडण्याचे कारण असे, की उबुंटू तिच्यावर आधारलेली आहे आणि आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' प्रणालीही तिच्यावरच उभी आहे. तिचे गुणदोष दूरवर पोचतात.

डेबियन प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केला. तिच्यात प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येते. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमच्या फाईली आणि सोबत एक माहितीपत्रक. त्यात नाव आणि आवृत्ती तर असतेच, शिवाय हा प्रोग्रॅम चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे लागतात तेही नोंदलेले असते. फाईली जागच्या जागी ठेवण्याचे काम 'डीपीकेजी' करते. कोणते पॅकेज कोठून आणायचे आणि कोणत्या क्रमाने बसवायचे, हे 'एपीटी' ठरवते. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ पासून एपीटी वापरात आले.

या रचनेचे आम्हाला कौतुक वाटते. उदाहरणार्थ, सेटिंगच्या फाईलीचे काय करायचे हा प्रश्न घ्या. नव्या आवृत्तीसोबत सेटिंगची नवी फाईल आली, पण तुम्ही जुनीत स्वतः बदल केले आहेत. मग कोणती ठेवायची? डीपीकेजी तीन गोष्टी ताडून पाहते : पूर्वी पॅकेजातून आलेली फाईल, आज संगणकावर असलेली फाईल आणि आता आलेली फाईल. तुम्ही काहीच बदलले नसेल, तर नवी फाईल बसते. तुम्ही बदलले, पण पॅकेजकर्त्याने बदलले नाही, तर तुमची राहते. दोघांनीही बदलले असेल, तरच ते तुम्हाला विचारते. आणि उत्तर न देता नुसती एंटर कळ दाबली, तर तुमचीच फाईल राखते. वापरणाऱ्याच्या श्रमांचा असा आदर फार थोड्या प्रणालींत आढळतो.

आमचा पहिला आक्षेप शब्दांवर आहे. एपीटीची 'अपडेट' ही आज्ञा काहीही अद्ययावत करीत नाही. ती फक्त कोणत्या पॅकेजांच्या कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत, ही यादी नव्याने आणते. प्रत्यक्ष पॅकेजे बदलते ती 'अपग्रेड' ही आज्ञा. तीही बसवलेले कोणतेच पॅकेज काढून टाकत नाही. तशी गरज पडली, तर संबंधित पॅकेज तसेच मागे ठेवते. ते काढण्याची मुभा 'फुल-अपग्रेड' या आज्ञेला असते. तिन्ही कामे वेगळी ठेवली, हे योग्यच झाले. पण इतकी वेगळी कामे इतक्या सारख्या नावांनी दाखवणे हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे. 'अपडेट केले, म्हणजे झाले' असे एखाद्या विद्यार्थ्याने समजले, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युनिक्सच्या परंपरेत फाईलीचे नाव आणि तिचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव म्हणजे केवळ दारावरची पाटी. अपग्रेडच्या वेळी नवी फाईल आधी वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि मग जुनी पाटी तिच्यावर लावली जाते. जुना मजकूर कोणी वापरीत असेल, तर त्याचे काम संपेपर्यंत तो टिकून राहतो. म्हणूनच चालू संगणक बंद न करता अपग्रेड करता येते. मात्र चालू असलेला प्रोग्रॅम जुन्याच मजकुरावर चालत राहतो. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि कपाटात लावली, तरी मुलाच्या हातात जुनीच प्रत असावी, तसा हा प्रकार आहे.

याची किंमत केवढी असू शकते, हे एप्रिल २०१४ मध्ये दिसले. ओपनएसएसएल ही अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी सामाईक लायब्ररी. संदेश गुप्त राखण्याचे काम ती करते. तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. समोरच्याने 'मी पाठवलेली इतकी अक्षरे परत पाठव' असे सांगितले, की ती लांबी न तपासताच मान्य केली जाई. त्यामुळे संगणकाच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा परका मजकूर एका वेळी बाहेर जाऊ शके. त्यात परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्याही असू शकत. डेबियनने दुरुस्त पॅकेज तत्परतेने दिले. पण जे सर्व्हर आधीपासून चालू होते, त्यांच्या मेमरीत सदोष लायब्ररीच होती. पॅकेज नवे, तरी धोका जुनाच! लगेच पुढची सुधारणा काढून, अशा सेवा शोधून त्या पुन्हा सुरू करण्याचे सुचवणारी सोय डेबियनला पॅकेजात घालावी लागली.

डेबियनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चालू सेवा परस्पर बंद करून पुन्हा सुरू करणे धोक्याचे असते. कोणाची ऑनलाइन परीक्षा मध्येच तुटेल, कोणाचे लिखाण जाईल. तेव्हा निर्णय माणसावर सोडला, हे आम्हाला पटते. पण निर्णय घ्यायचा आहे हे तरी त्याला कळायला नको का? कोणते प्रोग्रॅम अजून जुन्या लायब्ररीवर चालत आहेत, हे दाखवणारे 'नीडरीस्टार्ट' हे साधन आहे. मात्र ते वेगळे पॅकेज आहे. ज्याला त्याची गरज ठाऊक आहे, तोच ते मागवणार. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला ते सुचणारच नाही. डिस्कवरील प्रत्येक फाईलीचा इतका चोख हिशेब ठेवणारी पद्धत मेमरीतील जुन्या प्रतींबाबत स्वतःहून बोलत नाही, ही तिची खरी उणीव आहे.

वर्गात हे दाखवणे अवघड नाही. एकाच फोल्डरमध्ये वेगळा मजकूर असलेल्या दोन छोट्या फाईली करा. एका खिडकीत पहिली फाईल 'टेल -एफ' या आज्ञेने उघडी ठेवा. दुसऱ्या खिडकीत 'एमव्ही' या आज्ञेने दुसरी फाईल पहिलीच्या नावावर आणा. पहिल्या खिडकीत काहीच हलत नाही. पण आता तेच नाव 'कॅट'ने वाचले, तर नवा मजकूर दिसतो. नाव एक, मजकूर दोन! हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिले, म्हणजे अपग्रेडनंतर सेवा किंवा संगणक पुन्हा सुरू का करायचा, हे पाठ करावे लागणार नाही.

डेबियनची पद्धत आम्ही शिक्षकांना निःशंकपणे सुचवू. मात्र पडद्यावर काम संपल्याचे दिसले, की 'काय नवे बसले?' एवढेच विचारून थांबू नये. 'जुने अजून कोठे चालू आहे?' हेही विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.