मिरास, उपरेपण आणि भाड्याची खोली : ‘ग्रामीण’ या कोटीचा फेरविचार

१

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने गाव आणि शहर यांच्यातील ये-जा बहुतांशी एकाच दिशेची मानली आहे. दुष्काळाने, कर्जाने किंवा यंत्राने उखडलेला माणूस गाव सोडतो आणि शहराची वाट धरतो; त्याच्यामागे गाव ओस पडत जाते. आनंद यादव, नागनाथ कोत्तापल्ले प्रभृतींनी ग्रामीण साहित्याची जी मांडणी केली, तिच्यात कृषिजीवन, त्या जीवनाची बोली आणि त्यावर होणारे नागरी आक्रमण यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. ही मांडणी ज्या काळात आणि ज्या गरजेतून झाली, ती पाहता तिचे मोल निर्विवाद आहे. मात्र तिच्यातील ‘गाव’ हे एकसंध मानले गेले, आणि त्या एकसंधतेला जमीन हा एकमेव आधार पुरवला गेला.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत १९९० नंतर जे घडले ते या मांडणीला अवघड जाते. पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर ही गावे कारखान्यांनी वेढली. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून ओळखले जाणारे रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाऊ लागले. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आले, तर पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या गावांत शेताच्या बांधांवर प्लॉटच्या जाहिराती उभ्या राहिल्या. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत या दोन्ही तालुक्यांचा काही भाग गेला. एकराने मोजली जाणारी जमीन गुंठ्याने बोलली जाऊ लागली. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कामगारांसाठी पत्र्याच्या छपराच्या, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्या बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यानेच स्वतःच्या रानात बांधल्या. येथे गाव ओस पडलेले नाही. ते दाटले आहे.

या दाटण्यात तीन माणसे आहेत. एक जमीन विकणारा किंवा खोल्या बांधणारा. दुसरा त्या खोलीत भाड्याने राहणारा. आणि तिसरा, गावातच जन्मलेला पण विकायला जमीन आणि भाड्याने द्यायला खोली यांपैकी काहीच नसलेला. भाऊ वेगळे झाले, मुलाचे लग्न झाले, तर गावठाणाच्या कडेला एक खोली उठवणे पूर्वी या तिसऱ्या माणसाच्या आवाक्यात असे. आता त्याच खोलीसाठी त्याला कारखान्यातल्या पगारदार कामगाराशी भाड्याची बरोबरी करावी लागते. घरकुलाचे अनुदान घर बांधण्यापुरते असते. घर उभे राहण्यास आधी पायाखाली जागा हवी. ‘गावावर आक्रमण’ या सूत्रातून पहिला माणूस दिसतो, दुसरा आक्रमक म्हणून दिसतो, आणि तिसरा दिसतच नाही. हे न दिसणे केवळ समाजशास्त्राचे नाही. ग्रामीण कादंबरीच्या वाचनातही ते घडलेले आहे.

२

येथील गाव पूर्वी बंदिस्त होते, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. पेशवाईतील दख्खनच्या गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग स्पष्टपणे ओळखले जात. मिरासदार किंवा थळकरी याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे. सारा भरत असेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नसे. उपरी मात्र कौलाने, ठरावीक मुदतीपुरती जमीन कसे. गावाच्या मानपानात त्याला मिरासदाराचे स्थान नसे. म्हणजे बाहेरून आलेल्याला नाव होते, जागा होती आणि त्या जागेची मर्यादाही होती. १८३६ साली इंदापुरातून सुरू झालेल्या नव्या रयतवारी पाहणीने हा फरक कायद्याच्या दृष्टीने पुसत नेला. भाषेतून तो गेला नाही. ‘उपरा’ हा शब्द त्याची खूण म्हणून मागे राहिला.

घराच्या संदर्भात याच परिसराची आणखी एक साक्ष आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका मारवाडी सावकाराने कर्जाच्या वसुलीसाठी मिळवलेल्या हुकूमनाम्याच्या बळावर तेथील देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. तो आसपासच्या गावांत पसरला, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. खतपत्रे जाळण्यावर दंगेखोरांचा मुख्य भर होता, हे या उठावाचे वैशिष्ट्य इतिहासकारांनी नोंदवले आहे. परंतु त्याची ठिणगी पाडलेल्या घराची होती, हा तपशील सहसा कथेच्या प्रारंभापुरता येतो आणि मागे पडतो. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जमीन आणि कर्ज यांभोवती फिरला; कृष्णराव भालेकरांच्या ‘बळीबा पाटील’पासून (१८८८) ग्रामीण कादंबरीही मुख्यतः कुणब्याच्या दैन्याभोवती उभी राहिली. घर हा स्वतंत्र प्रश्न म्हणून दोन्हीकडे मागे राहिला.

पुढेही येणारे येतच राहिले. रेल्वेचे जंक्शन झाल्यावर दौंडला देशभरचे रेल्वे कामगार आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी दूरच्या प्रांतांतील निराधार स्त्रिया व मुले केडगावच्या मुक्ती सदनात आणली. पानशेत-वरसगावच्या धरणांनी उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना दौंडच्या लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडत आणि उठत राहिल्या. म्हणजे येणाऱ्या माणसाची येथे वाण कधीच नव्हती. नवे आहे ते त्याच्याशी जडलेले भाड्याचे नाते आणि त्या नात्याने ठरवलेली जागेची किंमत.

३

या दृष्टीने परिचित कादंबऱ्यांकडे पुन्हा पाहिले तर काही अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक गावचा नाही, तो बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर आहे. धनगरांची वाडी त्याला हळूहळू आपला मानते, कारभारी त्याचा आधार होतो, आणि वाडीच्या श्रमातून तालीम उभी राहते. या कादंबरीचा विचार करताना वाडीचे जग, तिची माणसे आणि अखेरचा दुष्काळ यांवरच बहुधा भर राहतो. परंतु हे सारे जग एका उपऱ्याच्या नजरेतून उलगडते, आणि तेथे रुजण्याचे मोल पैशात ठरत नाही; ते विश्वासात आणि श्रमात मोजले जाते. तालीम ही वाडीने आणि पाहुण्याने मिळून उभारलेली वास्तू आहे. शिक्रापूरच्या खोल्यांच्या रांगेत या उभारणीचे स्थान महिन्याच्या भाड्याने घेतले आहे. दोन्हींतील अंतर ‘गाव बिघडले’ एवढ्या शब्दांनी सांगता येत नाही, कारण दोन्हीकडे पाहुणा आहे. पाहुण्याला सामावून घेण्याची रीत बदलली आहे.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’चे (१९७१) उदाहरण याहून बोलके आहे. मालक ट्रॅक्टर आणतो, बैल जातात आणि नारबाला मळा सोडावा लागतो. ही कादंबरी यांत्रिकीकरणाची शोकांतिका म्हणून वाचली जाते आणि ते वाचन चुकीचे नाही. पण नारबाजवळ गमावण्यासारखी जमीन कधीच नव्हती. मळ्यावरचा आसरा त्याला कामाच्या आधाराने मिळालेला होता. काम संपले तसा तो आसराही संपला. ज्या रानाला आणि जनावरांना तो आपला गोतावळा मानतो, तेथे त्याचा हक्क नाही. त्याला उपरा करणारा कोणी परका नाही. तो गावचाच मालक आहे. ‘यंत्र विरुद्ध माती’ या द्वंद्वावर नजर खिळली की मालक आणि नारबा दोघेही ‘माती’च्या बाजूला जाऊन बसतात आणि त्यांच्यातील भेद दिसेनासा होतो. आजच्या शिरूर-दौंडमधील तिसऱ्या माणसाचा पूर्वज नारबा आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक आणि तिचे शिंपी कुटुंबही याच वंशावळीत बसते. शेती हा ज्यांचा आधार नाही अशा माणसांच्या संसाराची ती कादंबरी ‘ग्रामीण’ म्हणून गौरवली गेली, परंतु तिने ‘ग्रामीण’ या कल्पनेत काय बदलायला हवे हे विचारले गेले नाही.

४

भाडेकरू मराठी साहित्याला अपरिचित आहे असे नाही. मात्र त्याला नागर साहित्याच्या खात्यावर जमा करण्यात आले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’पासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’पर्यंत चाळ हे मुंबईच्या जगण्याचे रूप म्हणून वाचले गेले. जमीन ग्रामीण, खोली नागर, अशी ही अलिखित वाटणी आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभची खोली या वाटणीत कोठेच बसत नाही. चाळीचा मालक भाडेकरूंच्या जगापासून बहुधा दूर असतो. येथे तो खोल्यांच्या शेजारीच राहतो, त्याचा गोठा अजून भरलेला असतो आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव असते. तो एकाच वेळी बाजारभावाने गांजलेला शेतकरी आणि भाडे वाढवणारा घरमालक आहे. अशा माणसाला शोषित आणि शोषक यांपैकी एका रकान्यात टाकणाऱ्या कादंबरीला तो सापडणार नाही. जमीन विकून आलेल्या पैशावर मिरवणाऱ्या तरुणाला पुणे परिसरात ‘गुंठामंत्री’ म्हणतात. या शब्दातील उपहासात हेवाही आहे आणि धास्तीही. एवढी गुंतागुंत बोलीने एका शब्दात पकडली आहे. समीक्षेच्या परिभाषेत मात्र तिला प्रतिशब्द नाही.

बोलीचा निकषही येथे अडखळतो. ग्रामीण साहित्याच्या अस्सलपणाची कसोटी म्हणून बोलीला जे महत्त्व मिळाले, त्यामागे एका गावाची एक बोली हे गृहीतक होते. खोल्यांच्या एका रांगेत आता बीडची, नांदेडची आणि बुलढाण्याची मराठी एकाच नळावर भेटते. तिच्या जोडीला भोजपुरी वळणाची हिंदी असते, आणि घरमालकाची पुणेरी वळणाची ग्रामीण मराठी भाडे मागताना त्या हिंदीची मदत घेते. हे भाषेचे प्रदूषण मानले तर कादंबरीकाराच्या हातात विलाप करण्याखेरीज काही उरत नाही. संवाद मानले तर कोण कोणाच्या भाषेत बोलतो, कोणाला आपली भाषा घराच्या आतच ठेवावी लागते, हे सत्तासंबंधांचे प्रश्न कादंबरीच्या रचनेत उतरू शकतात.

येणाऱ्याच्या बाजूने गाव पाहण्याचे काम मराठीत झाले ते प्रामुख्याने ग्रामीण म्हणवणाऱ्या प्रवाहाच्या बाहेर. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) कैकाडी समाजाच्या भटकंतीतून गावाकडे वेशीबाहेरून पाहिले. तेथून दिसणारे गाव एकसंध किंवा कृषिनिष्ठ नसते; राहू देणाऱ्यांचे आणि उठवून लावणाऱ्यांचे ते गाव असते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची फरफट मांडताना मिरासदाराचाच उपरा कसा होतो हे दाखवले. या दोन पुस्तकांचे वाचन अनुक्रमे ‘दलित-भटके आत्मकथन’ आणि ‘विस्थापितांची कादंबरी’ या वेगळ्या कप्प्यांत झाले. ती एकत्र वाचली तर ‘उपरेपण’ ही ग्रामीण वास्तवाची मध्यवर्ती कोटी ठरू शकते. तिच्यात कारखान्याचा कामगार, लाभक्षेत्रात आलेला धरणग्रस्त, कोपीतला ऊसतोड मजूर आणि गावातच जन्मून बेघर होत चाललेला तिसरा माणूस एकमेकांशेजारी उभे करता येतात, आणि मिरासदाराकडेही त्याच्या दुहेरी भूमिकेसह पाहता येते.

५

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. शेती तोट्यात गेली, पाण्याचा भरवसा राहिला नाही, लग्न आणि दवाखाना यांसाठी जमीन विकावी लागली, अशा शेतकऱ्याला घरमालक म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय नव्हे काय? सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’सारख्या (२००२) कादंबरीने उभे केलेले शेतकऱ्याचे दुःख खोटे ठरवण्याचा येथे हेतू नाही. खोल्या बांधणे हा त्या दुःखावर शोधलेला एक उपायच आहे. पण त्या उपायाची किंमत कोणीतरी मोजतो, आणि तो बहुधा अधिक दुबळा असतो. एका दुःखाची साक्ष काढताना दुसऱ्याला साक्षीलाच न बोलावणे, ही समीक्षेची चूक ठरते.

इंग्रजी साहित्याच्या संदर्भात रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवले की खेड्याचा सुवर्णकाळ प्रत्येक पिढीला नुकताच हरपल्यासारखा वाटतो, आणि त्याचा माग काढू लागले की तो आणखी मागे सरकत जातो. शिरूर-दौंडच्या बाबतीत हा माग औद्योगिक वसाहतीपासून धरणांपर्यंत, धरणांपासून रेल्वेपर्यंत आणि रेल्वेपासून करडे गावच्या पाडलेल्या घरापर्यंत जातो. त्याच्याही मागे मिरासदार आणि उपरी उभेच असतात. ज्या गावात सर्वांना छप्पर होते असे गाव या वाटेवर कोठे लागत नाही. स्वस्ताई मात्र होती. जागेला बाजार नव्हता म्हणून भूमिहीनालाही कोपरा मिळे. तो अनेकदा जातीने नेमून दिलेला, वेशीबाहेरचा असे. बाजाराने ती स्वस्ताई काढून घेतली. नेमून दिलेल्या जागांचे जातीय आखलेपण त्याने तितक्या तत्परतेने पुसले असे दिसत नाही, कारण खोली देताना आडनाव आणि मुलूख विचारला जातोच.

२०२० च्या टाळेबंदीत देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांतून कामगार आपापल्या मुलखाकडे चालू लागले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘गावाकडे निघालेले’ म्हटले. ते ज्या खोल्यांतून निघाले त्यांपैकी कितीतरी खोल्याही गावांतच होत्या, हे त्या वाक्यप्रयोगात कोणाला खटकले नाही. मराठी ग्रामीण कादंबरीला या खोलीत शिरायचे असेल, तर गावाच्या हरवलेल्या एकसंधतेचा शोक तिला तेथे उपयोगी पडणार नाही. भाडे ठरवताना उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे असलेले दोघे आणि जागेच्या शोधात त्याच दारावरून परत गेलेला गावचा तिसरा, या तिघांचे संबंध मांडण्यास आवश्यक ती भाषा तिला घडवावी लागेल. तशी कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिला ‘ग्रामीण’ म्हणावे की ‘नागर’, या वादात समीक्षा अडकून पडू नये, एवढी तयारी तिने आधी करणे इष्ट आहे.