फक्की कोण टाकणार?

आज सिद्धान्तापासून नको, मैदानापासून सुरुवात करू. खो-खोचं मैदान आपोआप आखलं जात नाही. कुणीतरी नोकरीवरून येतो, पाणी मारतो, फक्की टाकतो, दोन्ही खांब हलवून बघतो आणि मग शिट्टी वाजवतो. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. या माणसाला बहुधा मानधन नसतं.

२०२२ साली पुण्यात, बालेवाडीला, अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, मॅट, प्रकाशझोत, थेट प्रक्षेपण. मैदानात नऊऐवजी सात खेळाडू. शिवाय 'वझीर' आला, म्हणजे कोणत्याही दिशेनं पळू शकणारा आक्रमक. आता मूळ नियम आठवा. खो मिळाला, एकदा दिशा घेतली, की मागे वळायचं नाही. माझ्या मते खेळाची सगळी बुद्धी या बंधनात आहे. वेग हवा म्हणून आपण नेमकं तेच सैल केलं.

अलास्डेअर मॅकिंटायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये (१९८१) एक उदाहरण दिलंय. मुलाला गोळ्यांचं आमिष दाखवून बुद्धिबळ शिकवलं, तर गोळीच हेतू असेपर्यंत फसवणूक न करण्याचं त्याला कारणच नसतं. खेळातलं श्रेयस वेगळं, बाहेरचा लाभ वेगळा.

मग पैसा वाईट का? नाही. गुडघे सोलून घेणाऱ्या खेळाडूला नुसती ढाल देऊन घरी पाठवणं हा न्याय नव्हता. स्वयंसेवेचाही फार गौरव नको. त्या माणसाची संध्याकाळ मोकळी राहिली ती घरी कुणीतरी स्वयंपाक केला, पोरं सांभाळली म्हणून. आणि संस्थेशिवाय, पैशाशिवाय कोणतीही साधना टिकत नाही, हे मॅकिंटायरही मान्य करतात.

माझा आक्षेप हिशेबाला आहे. लीगला तयार खेळाडू मिळतो. तो घडवण्यात गेलेली दहा वर्षं कुणाच्या वहीत खर्ची पडतात? उद्या फक्की टाकणारा विचारेल, 'मीच फुकट का?' त्याला 'खेळावरच्या प्रेमाखातर' हे उत्तर नफा घेणाऱ्यानं देऊ नये. तो अधिकार त्याला नाही.

म्हणून दोनच मागण्या. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा थेट मैदानांना जावा, फक्की, दिवे आणि औषधपेटीसाठी. आणि नियम बदलताना त्या माणसाला बैठकीत खुर्ची असावी. सत्काराची शाल नको, बरं का. मत देण्याची खुर्ची.