'वापरणार का?' एवढंच विचारून भागतं का?

डाएटिशियननी ऑनलाइन सल्ला देणं कितपत स्वीकारलंय, यावरचे निबंध मी सध्या वाचतेय. साचा बहुतेक वेळा एकच: गूगल फॉर्म, १ ते ५ गुण, आणि शेवटी निष्कर्ष की आहारतज्ज्ञ याला अनुकूल आहेत. मला तो पटत नाही.

प्रश्न बऱ्याचदा 'यूटीएयूटी' या प्रारूपातून उचललेले असतात. २००३ साली वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. एखादं तंत्रज्ञान उपयोगाचं वाटतं का, सोपं वाटतं का, भोवतालच्यांचं म्हणणं काय, सोयी हाताशी आहेत का, असे त्याचे चार खांब. पण त्यांनी चार संस्थांतल्या कर्मचाऱ्यांचा सहा महिने माग काढला आणि इरादा वेगळा, प्रत्यक्ष वापर वेगळा मोजला. इराद्यातला सुमारे ७० टक्के फरक प्रारूपाला उलगडला, वापरातला मात्र जवळपास ५०. आपण एकदाच फॉर्म पाठवतो, इरादा विचारतो आणि त्यालाच 'स्वीकार' म्हणतो! शिवाय व्हॉट्सॲपवरची लिंक उघडून ऑनलाइन फॉर्म भरणार कोण? जिला ऑनलाइन आधीच जमतंय तीच.

बरं, मूळ कामाचं काय? 'काल दिवसभरात काय काय खाल्लं?' हा आहारतज्ज्ञाचा रोजचा प्रश्न. ओपीडीत टेबलावर मापाच्या वाट्या-चमचे ठेवता येतात, पेशंट बोट दाखवतो. फोनवर 'एक वाटी भात' म्हणजे कुठली वाटी? उलट व्हिडिओवर तो घरचीच वाटी आणून दाखवू शकतो, तिच्यात किती पाणी मावतं ते मोजू शकतो. तेलाचा डबा दिसतो. मुख्य म्हणजे स्वयंपाक करणारी बायको किंवा सून शेजारी येऊन बसू शकते. (नवऱ्याची शुगर आणि पथ्य ऐकायला नवरा एकटाच, हे आपल्याकडे नेहमीचं.) म्हणजे फोन आणि व्हिडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीत दोन्ही एकाच ओळीत.

आणि जबाबदारी? २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत. आहारतज्ज्ञांचा समावेश असलेला संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला २०२१ मध्ये. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला फोनवरून भात-पोळी कमी करायला सांगितलं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्या वेळी डॉक्टरला कळवणार कोण, नोंद कुठे राहणार? 'सोयी' या खांबाखाली खरं तर हे विचारायला हवं. विचारतात काय, तर तुमचं इंटरनेट चांगलं आहे का.

माझ्या मार्गदर्शक म्हणतात, प्रश्नावली स्वस्त पडते, म्हणून सगळे तीच वापरतात. खरंय. पण दहा-वीस सल्ल्यांची, अर्थात परवानगीने, रेकॉर्डिंग ऐकायलाही फार पैसे लागत नाहीत. वाटीचा प्रश्न किती जणींनी विचारला, एवढं मोजलं तरी मला चालेल.