'दोनचा नियम' : आकडे आहेत, पण छेद कुठाय?

लहान मुलाचं पोट अचानक दुखायला लागलं की आधी अपेंडिक्स आठवतं. कमी आढळणाऱ्या कारणांत मेकेल डायव्हर्टिक्युलम हमखास येतं: लहान आतड्याच्या शेवटच्या भागावरची जन्मजात पिशवी. तिच्यामुळे रक्तस्राव होतो, सूज येते, आतडंही अडकतं.

पुस्तकांत यासाठी 'दोनचा नियम' असतो: २ टक्के लोकांत, २ इंच लांब, मोठ्या आतड्याच्या तोंडापासून २ फुटांवर, त्रास २ वर्षांच्या आत. परीक्षेला हा नियम खरंच उपयोगी आहे. पण तुम्ही संशोधनाला बसताय, तर जरा थांबा.

२ टक्के हे सगळ्या लोकांतले. २ वर्षांचा आकडा मात्र फक्त त्रास झालेल्यांचा. दोघांचे छेद वेगळे, तरी नियम त्यांना एकाच ओळीत बसवतो. बहुतेकांना ही पिशवी आयुष्यभर त्रास देत नाही. ते रुग्णालयाच्या नोंदींत येणार कुठून?

तपासणीचंही तसंच. टेक्नेशियम स्कॅनमध्ये पिशवी दिसत नाही, तिच्यातलं जठरासारखं अस्तर दिसतं. रक्तस्राव बहुधा याच अस्तराच्या आम्लामुळे होतो, म्हणून अशा मुलांत स्कॅन चांगला चालतो. आतडं अडकलेल्या मुलाच्या पिशवीत ते अस्तर नसेल, तर स्कॅन कोरा येईल, पिशवी मात्र तिथेच असेल.

म्हणून केस रिपोर्ट वाचताना आधी विचारा: ही मुलं कोणत्या गटातून आली? उत्तर मिळालं नाही, तर त्यातला 'दुर्मीळ' हा शब्द स्वतःच्या प्रबंधात उतरवू नका.