चारही बाजूंनी काठ

शीला हिक्स हे नाव मला कळलं ते एका ढिगाऱ्यामुळे. 2017च्या व्हेनिस बिएनालेत, आर्सेनालेच्या जुन्या विटांच्या भिंतीला टेकवून त्यांनी रंगीत धाग्यांचे प्रचंड गठ्ठे रचले होते. फोटो इतका देखणा की मी तो वॉलपेपर म्हणून ठेवला. दोन आठवड्यांत कंटाळले.

का, ते त्यांच्या ‘मिनीम’ पाहताना कळलं. वहीच्या पानाएवढी ही विणकामं त्या 1950च्या दशकापासून करताहेत. माग म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, बस. येलमध्ये चित्रकला शिकताना जॉर्ज कुबलर यांच्या वर्गात त्यांना अँडीजमधल्या प्राचीन वस्त्रांची ओळख झाली. 1957मध्ये त्यांवर प्रबंध लिहिला आणि चिली गाठलं.

अँडीजमधले जुने विणकर सहसा कापड कापत नसत. अंगरखा हवा, तर त्याच्या मापाचंच विणायचं. आपल्या साडीलाही काठ असतात, पण मागावरून उतरवताना ती कापावीच लागते. तिथे चारही बाजू मागावरच पुऱ्या होत. शेवटच्या बोटभर जागेत धोटा शिरत नाही. सुईनं एकेक धागा ओवावा लागतो. कित्येक मिनीम अशाच विणल्या आहेत. काहींत मुद्दाम फटी सोडल्यात, भिंतीतल्या झरोक्यांसारख्या. माप आधी ठरतं, मग धागा येतो, म्हणून मला हे बांधकामच वाटतं.

आता तो ढिगारा आठवा. त्यातून चार गठ्ठे काढले तर काय बिघडेल? मिनीममधून एक धागा काढून बघा. तरी दोन्हींबद्दल एकाच दमात ‘प्राचीन वस्त्रांची प्रेरणा’ लिहिलं जातं. (मी दोन्ही स्क्रीनवरच पाहिलंय. कदाचित त्या भिंतीसमोर उभी राहिले असते तर इतकी ठाम नसते.) पण ‘प्रेरणा’ हा शब्द फार स्वस्तात सुटतो, आणि ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्या वाट्याला संग्रहालयात फक्त ‘पाराकास संस्कृती’ एवढीच पाटी येते. हिक्स यांचं नाव मात्र आपल्याला माहीत असतं.

हल्ली मी संग्रहालयांच्या साइटवर ती जुनी वस्त्रं उघडते आणि झूम करत जाते. कुठेतरी एक पट्टा सापडतो, जिथे वीण अचानक जरा वेडीवाकडी होते. सुई तिथे हातात घेतलेली असते.