मालक, चाकर आणि वही

मंडळी, आज आपण एका खेळावर बोलणार आहोत. हसू नका. ‘माय लाइफ विथ मास्टर’ हा अमेरिकन लेखकाने २००३ साली स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून काढलेला खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसून पात्रं घ्यायची, फासे टाकायचे, गोष्ट बोलत बोलत रचायची. जुन्या युरोपातलं गाव, वर राक्षसी मालक, आणि आपण त्याचे चाकर. त्याची भयंकर कामं गावात जाऊन करायची. आपल्याकडची पडकी गढी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे जमेल.

इथे शौर्य मोजत नाहीत. मोजतात प्रेम, थकवा, आत्मघृणा. चाकर गावात कुणाशी जवळीक करू गेला की प्रेम वाढतं. झिडकारला गेला तरी वाढतं, पण मग स्वतःची किळसही वाढते! हा नियम आम्हाला फार खरा वाटला. प्रेम साठत गेलं तरच मालकाला ‘नाही’ म्हणायचं बळ येतं. हेगेलचा दास स्वतःला ओळखतो तो कामातून. हा चाकर शेजाऱ्यापाशी. आम्ही नातवंडांसोबत खेळलो, मालक आम्हीच होतो. तासाभरात धाकटी आमच्याकडे बघेनाशी झाली.

तक्रार आहे ती शेवटाबद्दल. खेळ मालकाच्या मृत्यूपाशी येऊन संपतो. जालन्याकडे ज्यांनी सालगडी पाहिलेत, त्यांना हे पटणं अवघड. पाडव्याला साल ठरायचं, उचल आधीच खर्चलेली असायची. मालक गेला तरी वही राहायची, आणि गड्याचा पोरगा त्याच ओसरीसमोर उभा. त्या वहीसाठी या खेळात एकही नियम नाही.