उपस्कर : वरोरचे घर आणि भावी उत्खनक

डेव्हिड मॅकॉले या चित्रकार-लेखकाचे 'मोटेल ऑफ द मिस्टरीज' हे पुस्तक १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते थट्टेचे आहे, आणि थट्टेच्या पुस्तकाचे परीक्षण या पृष्ठांत येण्याचे एरव्ही प्रयोजन नव्हते. तथापि त्यातील आक्षेप पुरातत्त्वविद्येच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे, आणि तो आक्षेप जसाच्या तसा उचलून आपल्याकडील उत्खनकांना हसण्याची प्रवृत्तीही अलीकडे दिसते. म्हणून त्याचा परामर्श घेणे अगत्याचे वाटले.

पुस्तकातील कथा थोडक्यात अशी. १९८५ साली उत्तर अमेरिका एकाएकी गाडली जाते. पुढे इ. स. ४०२२ मध्ये हॉवर्ड कार्सन नावाचा एक हौशी गृहस्थ जमिनीत पडतो आणि हमरस्त्यावरील प्रवाशांच्या विश्रामगृहातील एका खोलीपाशी पोचतो. दारावर 'व्यत्यय आणू नये' अशी पाटी लटकत असते. ती त्यास पवित्र मुद्रा वाटते. दूरदर्शनचा संच महावेदी ठरतो आणि शौचकूपावरील बैठक पुरोहिताने गळ्यात घालावयाचे आभूषण ठरते. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी तुतनखामेनचे थडगे उघडले त्या प्रसंगाची ही नक्कल होय, हे सांगावयास नकोच. चित्रे उत्तम आहेत. हसू येते.

हसून झाल्यावर मात्र विचार करावा लागतो. मॅकॉले यांचे म्हणणे असे की, ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही तिला उत्खनक 'धार्मिक' म्हणून मोकळा होतो. हे म्हणणे खरे आहे. उत्खननांचे अहवाल चाळणाऱ्या कोणासही त्याची साक्ष पटेल. 'विधीसाठी वापरीत असावेत' हे वाक्य बहुधा 'आम्हांस ठाऊक नाही' या वाक्याचे सोज्ज्वळ रूप असते. परंतु या विनोदाच्या पोटात दुसरे एक गृहीत दडले आहे, आणि आमचा वाद त्याच्याशी आहे. ते गृहीत असे की, वस्तू एक तर उपयोगाची असते किंवा पूजेची असते. शौचकूपाची बैठक उपयोगाची, म्हणून ती पूजेची म्हणणारा मूर्ख. अमेरिकेतील विश्रामगृहापुरते हे ठीक आहे. ते गृहीत आपल्या घरांत चालते काय, हे पाहावयाचे असेल तर कार्सनसाहेबांस आपल्याकडील एखाद्या गावी आणून सोडावे. आम्ही त्यांस वरोर येथे आणतो.

वरोर हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. दक्षिणेस चिंचणी, उत्तरेस वाढवण. ज्या चिंचणीस १९५५ साली ताम्रपट सापडले तीच ही चिंचणी. त्यांपैकी शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्रराजाच्या काळचा पट संयान म्हणजे संजाण येथील मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख करतो. एक अरब किंवा इराणी मुसलमान राष्ट्रकूटांच्या वतीने या किनाऱ्यावर कारभार पाहत होता, ही महत्त्वाची गोष्ट त्या पत्र्याने कळली. परंतु त्याच्या घरी पाणी कशात भरीत आणि मसाला कशावर वाटीत हे ताम्रपट सांगत नाही. ते सांगावयास खापरेच लागतात. संजाणास २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले तेव्हा तेथील चिनी व पश्चिम आशियाई भांड्यांच्या तुकड्यांनी ते काम काही अंशी केले. लेखांच्या मागे लागलेल्या आम्हां मंडळींनी हे ध्यानात ठेवावयास हवे.

तर कार्सनसाहेब दोन सहस्र वर्षांनी वरोरचे एक घर खणतात. त्यांस काय सापडेल? प्रथम, धातू फारसा सापडणार नाही. आपल्याकडे फुटके पितळ मोडीत जाते, अल्युमिनियम व पोलाद भंगारवाल्याच्या गाडीवर जाते, आणि सोने तर पिढ्यान्‌पिढ्या आटविले जाते. तेव्हा प्रेशर कुकर सापडणार नाही. कदाचित त्याची हरवलेली शिटी तेवढी सापडेल. एका घरात एक, शेजारच्या घरात दुसरी, दोन्हींचे वजन जवळजवळ सारखे. वाफ आवरण्याचे काम त्या वजनावरच चालते, म्हणून ते सारखे असावे लागते. साहेब तराजू काढतील, आकडे मांडतील आणि या किनाऱ्यावर प्रमाणित वजनांची पद्धती रूढ होती असा प्रबंध लिहितील. प्रबंधातील आकडे सर्व बरोबर असतील.

परंतु त्यांस खरा घोळात पाडील तो 'डाय'. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरण्याचा धंदा घरोघर चालत आला आहे. पोलादाच्या लहान ठोकळ्यावर छिन्न्या-कानशींनी फूल, पान, मोर, देवदेवतांची आकृती उलटी व खोलगट कोरावयाची. सोन्याचांदीचा पातळ पत्रा तीवर दाबला की दागिन्याचा नक्षीदार भाग उठतो. दागिना सराफाकडे जातो, तेथून गिऱ्हाइकाच्या गळ्यात, आणि अखेर मुशीत. मागे उरतो तो साचा. आता वाचकांनीच विचार करावा : कोळी व बागाईतदार यांच्या गावात घराघरांतून शेकडो ठोकळे, प्रत्येकावर निराळे चिन्ह, आणि सर्व चिन्हे उलटी. मोहेंजोदडोच्या मुद्रा ज्याने पाहिल्या आहेत तो यांस मुद्रा म्हटल्यावाचून राहील काय? मग घरटी एक व्यापारी पेढी, गावात मोठे बंदर, समुद्रापार व्यवहार, असा सर्व इमला उभा राहील. पोलाद गंजून आकृती नाहीशा झाल्या तर गोष्ट निराळी; मग तो ठोकळ्यांचा ढीग बांधकामाचे सामान ठरेल.

हा इमला पाडण्याचा उपाय आहे, आणि तो साच्याच्या शेजारीच पडलेला असतो. तुटकी छिन्नी, लोखंडाचा कीस, अर्धवट कोरून टाकून दिलेला ठोकळा यांवरून कारखाना ओळखता येतो. रोहतकनजीक खोकराकोट येथे सापडलेले मातीचे फुटके साचे जोडून प्राचीन नाणी कशी ओतीत हे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९४५ साली दाखविले, ते याच वाटेने. सारांश, वस्तू एकटी असता मुकी असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, त्या डायच्या ठोकळ्यांवर आणि छिन्न्यांवर कार्सनसाहेबांस शेंदराचे किंवा कुंकवाचे कण आढळले. ते म्हणतील, ही पूजेची वस्तू. मॅकॉले हसतील. आणि हसण्यात चूक मॅकॉले यांची होईल; कारण दसऱ्यास कारागीर आपली हत्यारे मांडून त्यांची पूजा करतो ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. केरसुणी रोज अंगण झाडते आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीच पाटावर बसते. लग्नघरी घाणा भरतात तेव्हा जाते आणि मुसळ यांस हळदकुंकू लागते. बाळंतिणीच्या घरी पाचवी-सहावीस सटवाईच्या पूजेत पाटावरवंटा मांडतात. बारशास तोच वरवंटा झबले-टोपडे लेवून पाळण्याखालून फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी चटणी वाटतो. यांतील कोणती वस्तू धार्मिक आणि कोणती लौकिक?

ही सरमिसळ आजकालची नव्हे. तैत्तिरीय संहितेत जी दहा यज्ञायुधे मोजली आहेत त्यांत स्फ्य, कपाल, अग्निहोत्रहवणी, कृष्णाजिन, शम्या यांच्या बरोबरीने शूर्प, उलूखल, मुसल, दृषद् आणि उपला ही पाच येतात. म्हणजे सूप, उखळ, मुसळ, पाटा आणि वरवंटा. यज्ञशाळेतील निम्मी आयुधे स्वयंपाकघरातील आहेत. उलट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, पेषणी, उपस्कर, कांडण्याचे उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने सांगून त्यांच्या प्रायश्चित्तासाठी पंचमहायज्ञ विहित केले आहेत. म्हणजे यज्ञ पाट्यावरवंट्यानेच करावयाचा आणि पाट्यावरवंट्याच्या पापासाठीही करावयाचा! ज्या समाजाची बुद्धी अशी चालते त्याच्या घरातील वस्तूंचे 'पूजेच्या' आणि 'वापराच्या' असे दोन ढीग घालणारा उत्खनक आणि त्यास हसणारा विनोदकार, दोघेही एकाच चुकीचे भागीदार होत.

याचा अर्थ वाटेल ते धार्मिक म्हणावे असा नव्हे. पुणे जिल्ह्यातील इनामगावी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे जे उत्खनन झाले त्यात एका घराच्या भुईखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली. तीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती, आणि सोबत दुसरी स्त्रीमूर्ती व बैल. उत्खननकारांनी तीस देवी मानले. हे अनुमान आम्हांस मान्य आहे, ते मूर्ती विलक्षण आहे म्हणून नव्हे, तर न भाजलेली माती कोणी तरी पेटीत घालून जपून पुरली म्हणून. पुरण्याची कृती हाच पुरावा. याच्या उलट दायमाबादचे प्रकरण पाहावे. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा काशाच्या चार वजनदार प्रतिमा सापडल्या. कला अप्रतिम आहे. पण त्या उत्खननाच्या थरांतून निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयीच विद्वानांत मतभेद झाले, मग उपयोगाची गोष्ट दूरच. मिरवणुकीच्या की खेळण्याच्या, हे नुसती चाके पाहून ठरत नाही.

आणि नेवाशाचे उदाहरण तर आम्हांस सर्वांत बोलके वाटते. तेथील व इतर सातवाहनकालीन स्थळांच्या उत्खननांत भाजक्या मातीच्या खरबरीत वड्या मिळतात. यांस कोणी वेदीचे तुकडे म्हटले नाही. अंग घासण्याच्या वज्री म्हणून त्या सहज ओळखल्या गेल्या. कारण वज्री आपल्या न्हाणीघरांत होतीच. फिरत्या जात्याविषयी डॉ. सांकळिया यांनी १९५९ साली 'ॲन्टिक्विटी' या इंग्रजी नियतकालिकात लेख लिहिला, त्याच्याही मागे घरोघर फिरणारे जाते उभे होते. थट्टेच्या पुस्तकातील कार्सनजवळ जे नव्हते ते आमच्या उत्खनकांजवळ होते : वस्तूचे नाव सांगणारी माणसे.

ही माणसे आणि वस्तू आता वेगाने जात आहेत. मिक्सर आला, पाटा परसात गेला. यंत्राने साचे कोरले जाऊ लागले, हातच्या छिन्नीचे काम मागे पडू लागले. वरोरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. बंदर असावे की नसावे हा या पृष्ठांचा विषय नव्हे. त्याविषयी किनाऱ्यावरील लोक बोलत आले आहेत व बोलतील. आमचे म्हणणे इतकेच की, एवढे मोठे काम शेजारी उभे राहत असता गावाची घरे आज आहेत तशी राहणार नाहीत. ज्या मंडळांनी दप्तरे वाचविली त्यांनी आता एखाद्या घराची वस्तुयादी करावी, आणि ती विद्वानाने न करता घरच्या बाईने व डाय कोरणाऱ्या कारागिराने सांगावी. छिन्नीच्या प्रत्येक प्रकारास कारागिराच्या तोंडी कोणते नाव आहे, ते कोशांत शोधू नये, त्यालाच विचारावे.

नाव टिपले नाही म्हणजे काय होते ते वर आलेल्या 'उपस्कर' शब्दावरून दिसेल. मनूच्या काळी तो पोराटोरांस कळत असला पाहिजे. पुढे अर्थ लावताना कोणी त्यात केरसुणी पाहतो, कोणी भांडीकुंडी. शब्द शाबूत, श्लोक शाबूत. वस्तू तेवढी हरवली.

यादीचे रकाने फार नकोत. वस्तूचे नाव, मापे, कशाची केली, कोण वापरते, घरात कोठे ठेवतात, मोडल्यावर कोठे जाते. शेवटचा रकाना मात्र विसरू नये : हळदकुंकू लागते काय, आणि लागत असल्यास कोणत्या दिवशी.